शुगरचे पाय, शुगरचा खांदा: नसा आणि कंडरांच्या दुखण्यासोबत रोजचं कसं निभवायचं

शुगर जुनी झाली की दोन वेगळी दुखणी मागे लागतात आणि आपण दोन्हींना एकच उत्तर देऊन मोकळे होतो: "शुगरमुळं दुखतंय." पहिलं दुखणं नसांचं. पायाची बोटं बधिर होतात, तळव्यांची आग होते, रात्री मुंग्या येतात. दुसरं कंडरांचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचं. खांदा जखडतो, मिटलेलं बोट उघडत नाही, सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पावलाला टाचेत कळ येते. मूळ एकच, तरी औषध वेगळं, व्यायाम वेगळा आणि धोकाही वेगळा. आपल्याकडे मात्र पायाच्या आगीला डायक्लोफिनॅकची वेदनाशामक गोळी आणि जखडलेल्या खांद्याला नसांसाठीची बी-बारा व्हिटॅमिनची इंजेक्शनं, असा उलटा कारभार सर्रास चालतो. त्यात पैसे जातात, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि दुखणं जागचं हलत नाही.

माझं कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे. दिवसभर उभं राहायचं, पोती हलवायची, त्यात ही जुनी शुगर. दोन्ही दुखणी माझ्याकडं मुक्कामाला आहेत. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारून, वाचून आणि रोज करून जे हाताला लागलं ते इथं क्रमानं मांडतोय. गोळी कोणती, किती आणि कधी बंद करायची, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा

शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून शुगरचा मार आधी तिथं बसतो. दोन्ही पायांत साधारण सारखाच. मग बधिरपणा मोज्यासारखा वर चढत जातो आणि गुडघ्याच्या आसपास आला की हाताची बोटंही मुंग्यायला लागतात. आग, सुया टोचल्यासारखं होणं, मध्येच वीज चमकून जाणं, चादर पायाला नुसती लागली तरी नको होणं, आणि हे सगळं रात्री जास्त. काही जणांना आग होतच नाही, पाय गादीवर पडल्यासारखा वाटतो. चालताना चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागत नाही.

कंडरांचं दुखणं हालचालीशी बांधलेलं असतं. हात वर केला, मागे नेला, जिना उतरला की कळ येते. बोट ठेवून "इथं" असं दाखवता येतं. सकाळी आखडलेलं असतं, थोडं चाललं-फिरलं की जरा सुटतं. यामागं काय होतं? रक्तातली जादा साखर वर्षानुवर्षं कंडरांतल्या कोलॅजनला, म्हणजे त्यांच्या धाग्यांच्या प्रथिनाला, चिकटत राहते आणि त्याचे धागे एकमेकांत जखडतात. गुऱ्हाळात काकवी सांडलेलं फडकं वाळल्यावर जसं ताठ होतं, तसंच. ते ओढून एकदम सरळ करायला गेलात तर फाटेल. हळूहळूच मऊ करावं लागतं.

एक सोपी खूण घरी बघता येते. अंबाबाईसमोर हात जोडतो तसे छातीशी जोडा आणि कोपरं बाजूला उचला. दोन्ही तळवे आणि बोटं पूर्ण भिडली पाहिजेत. बोटांच्या मधल्या सांध्यांपाशी फट राहत असेल आणि जोर लावूनही ती मिटत नसेल, तर हाताच्या कंडरा आणि कातडी आखडायला लागल्या आहेत. माझ्या हातातल्या फटीतून शाळेची पट्टी आरपार जाते. ही फट दिसली की डोळे आणि मूत्रपिंडांचीही तपासणी करून घ्या, कारण साखरेचा परिणाम एकट्या हातावर थांबत नाही.

हाताच्या मुंग्यांबद्दल आणखी एक. पाय ठीक आहेत, पण रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं? मग ती बहुधा मनगटात दबलेली नस आहे, कार्पल टनेल. शुगरवाल्यांत ती बरीच आढळते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपल्यावर बऱ्याच जणांना आराम पडतो. तो न बांधता वर्षभर नसांच्या गोळ्या खाणारे माझ्या ओळखीत आहेत.

घरी करायची चाचणी आणि लॅबमधली कागदं

पाय लांब करून बसा, डोळे मिटा. घरातल्या कुणाला तरी आपल्या तर्जनीचं टोक तुमच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला आळीपाळीनं, क्रम बदलत, 1-2 सेकंद अगदी हलकं लावायला सांगा. दाबायचं नाही, घासायचं नाही. जाणवलं की तुम्ही "उजवा", "डावा" सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायातली संवेदना कमी झाली आहे असं धरा आणि डॉक्टरांना दाखवा. ते नायलॉनचा बारीक धागा, मोनोफिलामेंट, तळव्याला टेकवून बघतात. 10 ग्रॅम दाबाला तो वाकतो. सोबत 128 हर्ट्झचा कंपनकाटा (थरथर जाणवते का हे बघायला), घोट्यामागची प्रतिक्षिप्त क्रिया आणि पायाच्या नाड्या तपासतात. हे सगळं वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवं. बूट-मोजे न काढता "पाय कसे आहेत?" विचारलं गेलं, तर तुम्ही स्वतःच मोजे काढून पाय पुढं करा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रक्ताच्या तपासण्यांत दर तीन महिन्यांची एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, सगळ्यांना माहीत असते. राहून जाते ती बी-बाराची. शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या शरीरात बी-बारा कमी होतं, माळकरी किंवा शाकाहारी घरात ते आधीच कमी असतं, आणि बी-बारा कमी झाल्यावर होणारा त्रास थेट शुगरच्या नसांसारखाच दिसतो. त्याचा इलाज मात्र सोपा आणि स्वस्त आहे. थायरॉइड बघा, कारण त्यानंही मनगटाची नस दबते आणि खांदा जखडतो. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघा, कारण नसांच्या काही गोळ्यांचा डोस मूत्रपिंडाच्या ताकदीवर ठरतो.

पायात आग म्हणजे शुगरच, असं प्रत्येक वेळी नसतं. दारू, कमरेत दबलेली नस, मूत्रपिंडाचा आजार यांनीही तसंच होतं. कातडीवर फिकट, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत औषध मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो.

एक सूचना, जी फार कमी जण देतात. शुगर खूप वाढलेली असताना ती दोन-तीन महिन्यांत एकदम खाली आणली, तर नसांची आग काही काळ भडकू शकते. "इन्सुलिन सुरू केलं आणि पाय जास्तच पेटले" म्हणून सुई सोडून देणारी माणसं मी बघितली आहेत. ती आग सहसा काही महिन्यांत ओसरते. उपचार सोडू नका, पण डॉक्टरांना सांगा.

रात्रीची आग

दिवसा कामात दुखणं मागं पडतं, रात्री दोघंच उरतात, तुम्ही आणि पाय. आमच्या गल्लीतले एक मामा म्हणायचे, "पाय नुसता पेटलाय बघा, बादलीत बुडवून झोपू काय?" पाय बर्फाच्या पाण्यात घालू नका. बधिर कातडीला गारठ्याची इजाही कळत नाही. साध्या माठातल्या पाण्यात पाच मिनिटं चालतात, मग बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे पुसायचे. पांघरुणाचा स्पर्श सोसत नसेल तर पायथ्याशी पुठ्ठ्याचा खोका किंवा बुटकं स्टूल ठेवून त्यावर चादर टाका, म्हणजे पाय मोकळे राहतात. कुणाला उलट सैल सुती मोज्यांनी बरं वाटतं. दोन्ही करून बघा.

शेक मात्र नको. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, थंडीतली शेकोटी, हीटर, यातल्या कशानं तरी तळवे भाजून घेतलेला माणूस तुमच्या नात्यात एखादा असेलच. अंघोळीचं पाणी पायानं बघायचं नाही, कोपरानं बघायचं. मोटारसायकलच्या सायलेन्सरला पोटरी लागली तरी बधिर पायाला पत्ता लागत नाही, म्हणून मागं बसताना पाय कुठं आहे ते डोळ्यांनी बघा.

नसांच्या गोळ्या: काय अपेक्षा ठेवायची

साध्या वेदनाशामक गोळ्या इथं फारशा चालत नाहीत आणि मूत्रपिंडांना त्रास देतात, तेव्हा मेडिकलच्या काउंटरवरून उचलायच्या नाहीत. डॉक्टर सहसा तीन जातींतलं औषध देतात: प्रेगॅबालिन किंवा गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन. यातलं अमुकच श्रेष्ठ असं नाही. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रेगॅबालिन साधारण सारखीच उतरली, आणि एकानं भागलं नाही तेव्हा दुसऱ्याची जोड दिल्यावर आणखी फरक पडला. तुमचं वय, हृदय, प्रोस्टेट, मूत्रपिंड आणि खिसा बघून निवड होते.

प्रेगॅबालिननं गुंगी येते, तोल जातो, पायावर सूज येऊ शकते, वजन वाढतं. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, दिवा लावा, मग उभे राहा. सुरुवातीचे काही दिवस गाडी चालवू नका, आणि तिच्यावर दारू घेऊ नका. ड्युलोक्सेटिननं पहिला आठवडा मळमळतं. मन खचलेलं असेल तर तिचा दुहेरी उपयोग होतो. अ‍ॅमिट्रिप्टिलिन स्वस्त आहे, झोप चांगली लागते, पण तोंड कोरडं पडतं, लघवी अडू शकते. हृदयाचा किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो आधी सांगा. या गोळ्या थोड्या डोसपासून वाढवत नेतात आणि पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे गेल्याशिवाय त्यांची परीक्षा होत नाही. तीन दिवसांत "गुण नाही" म्हणून डॉक्टर बदलायचा नाही. आणि यातली कुठलीच गोळी एका झटक्यात बंद करायची नाही.

आग शंभर टक्के जाईल असं धरून चाललात तर निराशा पदरी पडेल. दुखणं निम्म्यावर आलं, सलग पाच तास झोप लागली, तर औषधानं आपलं काम केलं. या गोळ्या आग शमवतात. बधिर झालेली नस परत आणत नाहीत. म्हणून "आता दुखत नाही" असं म्हणत पायांकडं दुर्लक्ष करण्यात सगळ्यात मोठा धोका आहे.

मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलम मिळतं. तांबड्या रश्श्यात जे तोंड पोळवतं तेच हे. पहिले काही दिवस आग वाढते, नंतर त्या जागेच्या वेदना कमी होत जातात. चिरलेल्या कातडीवर लावायचं नाही, लावल्यावर हात साबणानं धुवायचे, नाहीतर डोळा चोळताना रस्त्यात नाचाल. कांदा-लसूण चटणी तेलात कालवून पायाला लावण्याचा घरगुती प्रयोग कुणी सुचवला तर हात जोडा.

"नसांची ताकद" म्हणून विकल्या जाणाऱ्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत बऱ्याचदा बी-सिक्स असतं. ते जास्त प्रमाणात, दीर्घकाळ घेतलं तर त्यानंच नसा बिघडतात. दोन-तीन वेगळ्या नावांच्या गोळ्या एकाच वेळी चालू असतील तर मागचं लेबल वाचा.

खांदा, बोट, टाच

खांदा जखडणं एरवी 100 माणसांत 2 ते 5 जणांना होतं; शुगरवाल्यांत हे प्रमाण 10 ते 20 पर्यंत जातं. आधी काही महिने नुसतं दुखतं, मग दुखणं कमी होऊन हात अडकतो, मग हळूहळू सुटतो. सगळा मिळून एक ते तीन वर्षांचा मामला. दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात हात जबरदस्तीनं ओढून घ्यायचा नाही. आपल्याकडं तालमीतल्या माणसाकडून अंग रगडून घ्यायची पद्धत आहे. दमलेल्या मांडीला ते छान, जखडलेल्या खांद्याला आणि बधिर पायाला अजिबात नाही.

माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला चार गोष्टी दिल्या. टेबलावर एक हात टेकवून पुढं वाकायचं आणि दुखरा हात सैल सोडून लोंबकळत गोल फिरवायचा. भिंतीवर बोटांनी चढत जायचं आणि काल कुठवर पोचलो तिथं पेन्सिलीची रेघ मारायची. पंचा पाठीमागं तिरका धरून वरच्या हातानं खालचा हात अलगद वर ओढायचा. आणि काठी दोन्ही हातांत धरून उताणं झोपून डोक्याकडं न्यायची. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, गरम पाण्यानं अंघोळ झाल्यावर केलं तर सोपं जातं. "काका, ताण जाणवला पाहिजे, ओरडायला नको," हा त्यांचा नियम. व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशीही तेवढंच राहिलं तर जास्त झालं असं समजायचं आणि एक पायरी मागं यायचं. गोदामाच्या भिंतीवर तांदळाच्या थप्पीशेजारी माझ्या रेघा अजून आहेत. तीन-तीन आठवडे एकाच जागी अडकलेल्याही आहेत त्यात.

खांद्यात किंवा बोटात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर घाबरू नका, लवकरच्या टप्प्यात ते चांगलं चालतं. पण त्यानंतर काही दिवस, कधी आठवडाभर, शुगर चढते. आधीच विचारून ठेवा: किती वाढली तर गोळी-इन्सुलिनचं काय करायचं? ते दिवस घरच्या मशीनवर जास्त वेळा तपासा. लग्नाच्या पंगतींच्या आठवड्यात ते इंजेक्शन घेऊ नका, एवढं माझं मत.

बोट मिटल्यावर अडकून टक्कन उघडत असेल तर रात्री ते सरळ ठेवणारी पट्टी, मुठीचं काम कमी, आणि नाहीच सुटलं तर इंजेक्शन किंवा भूल देऊन केलेली छोटी शस्त्रक्रिया, जिच्यानंतर त्याच दिवशी घरी जाता येतं. पोत्याच्या तोंडाची सुतळी आवळणाऱ्या, पाना फिरवणाऱ्या, शिरोलीच्या फाउंड्रीत दिवसभर हातोडी धरणाऱ्या हातांना हे जास्त. अवजाराच्या मुठीवर जाड रबर किंवा कापडाची पट्टी गुंडाळली की पकड सैल ठेवता येते.

टाचेसाठी पलंगावरून उतरण्याआधीच काम सुरू करा. पाय लांब, पंचा चवड्याभोवती, आपल्याकडं ओढून 30 सेकंद धरा, तीनदा. मग भिंतीला हात टेकवून पोटरी ताणायची, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून. घोट्यामागची जाड कंडरा दुखत असेल तर दोन्ही चवड्यांवर उभं राहून एका पायावर सावकाश टाच खाली आणायची, असा व्यायाम तीन महिने चिकाटीनं करावा लागतो. हे सगळं कठड्याला धरूनच, कारण बधिर पायाचा तोल भरवशाचा नसतो. पोटरीची ही कंडरा आखडली की चालताना सगळा भार चवड्यावर येतो, तिथं घट्टा पडतो आणि घट्ट्याखाली जखम होते. पोटरी ताणणं म्हणजे पाय वाचवणंच आहे, नुसती दुखण्याची दवा नाही. गोठवलेल्या बाटलीवर तळवा फिरवायचा जो सल्ला सगळीकडं मिळतो, तो बधिर पायवाल्यांनी सोडून द्यावा.

कंडरांबाबतचं एक सावधपण प्रत्येकानं लक्षात ठेवावं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी कंडरा दुखू लागतात, क्वचित घोट्यामागची कंडरा तुटतेसुद्धा. साठीच्या पुढं आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका जास्त. या गोळ्यांनी शुगरही खाली-वर होते आणि नसांनाही त्रास होऊ शकतो. आपल्याकडं जुलाब लागले की मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिनची जोडगोळी मागून घ्यायची सवय आहे. डॉक्टरांनी गरजेनं लिहिली तर घ्यावी, मनानं नाही. घेताना टाचेमागं दुखायला लागलं तर व्यायाम थांबवून लगेच कळवायचं.

रोज रात्री पाय बघणं

जेवणं झाल्यावर दहा मिनिटं. पलंगावर बसायचं, शेजारी दिवा, पायाखाली हाताचा आरसा. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. बघायचं काय? लाली, फोड, भेग, चिखल्या, कुरूप, घट्टा, नखुरडं, काळपट डाग, ओलसरपणा. मग हाताच्या मागच्या बाजूनं दोन्ही पाय चाचपायचे. एक दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय का? आमच्या घरी हे काम सौभाग्यवतींकडं आहे, कारण माझी नजरही आता शुगरचीच. "अहो, टाचेला पांढरं दिसतंय," म्हणाल्या की ती भेग असते, वेळेवर व्हॅसलीन लागतं आणि तिथंच थांबतं. खोबरेल किंवा व्हॅसलीन तळव्याला आणि टाचेला लावा, बेचक्यांत नाही.

घट्टा, कुरूप ब्लेडनं स्वतः कापायचं नाही, कॉर्न कॅप चिकटवायची नाही, कारण त्यातल्या अ‍ॅसिडनं बधिर कातडी खोलवर जळते. नखं सरळ कापा, कोपरे खणू नका. जखम झाली तर स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडी, स्वच्छ पट्टी. हळद, चुना, तंबाखू भरू नका. दुसऱ्या दिवशी ती सुधारताना दिसली नाही तर डॉक्टर गाठा.

चपलेचं काय

कोल्हापूरकराला हे जड जातं, मलाही गेलं. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, अख्ख्या जगात तिचा नाद, पण बधिर पायाला ती नको. तिचा तळ कडक, मागं पट्टा नाही, अंगठ्याच्या आधारानं बोटं आवळून चालावं लागतं, आणि नवी चप्पल चावली तरी ज्याला चावते त्यालाच कळत नाही. लग्नकार्यात तासभर घाला, घरी आल्यावर लगेच पाय बघा. रोजच्या वापराला नाही.

रोजच्यासाठी एमसीआर (बारीक छिद्रांच्या, मऊ) रबराचा तळ, मागं आणि पुढं वेल्क्रोचा पट्टा, चवड्याला रुंद, अंगठ्यापुढं बोटभर मोकळी जागा. संध्याकाळी खरेदी करा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. घरून कागदावर पावलाची बाह्यरेषा काढून न्या आणि चप्पल त्यावर ठेवून बघा. रेषा बाहेर आली तर ती चप्पल तुमची नाही. नवी पहिल्या दिवशी तासभरच. घालण्याआधी रोज उपडी करून झटका आणि आत हात फिरवा. दुकानात तांदळाचा खडा, पोतं शिवायची सुई, काहीही असतं. एकदा गोटीएवढा खडा माझ्या बुटातून निघाला होता आणि मी बाजारभर फिरून आलो होतो.

अनवाणी जायची ठिकाणं

घरातसुद्धा चप्पल घाला, बाहेरची वेगळी आणि घरातली वेगळी. देवळाचं काय करायचं? अंबाबाईला दुपारी बाराला जायचं नाही, चैत्र-वैशाखात तर नाहीच. फरशी तापलेली असते. पहाटे किंवा दिवे लागल्यावर जा. मी जाड सुती मोजे घालून जातो, आजवर कुणी अडवलं नाही. जोतिबाच्या डोंगराची वेगळी गंमत आहे. चैत्र यात्रेला गुलालात पाय घोट्यापर्यंत रंगतात आणि त्या रंगाखाली रक्त, ओरखडा, फोड काही म्हणता काही दिसत नाही. घरी येताच आधी पाय साबणानं धुऊन रंग पूर्ण काढायचा, मग आरसा घेऊन बसायचं. नवस अनवाणी चालत जाण्याचा असेल तर तो घरातल्या धडधाकट पायानं फेडावा, असं मी आमच्या घरात सांगून ठेवलंय.

भात लावणीला राधानगरी, गगनबावड्याकडं गुडघाभर चिखलात उतरावं लागतं. बधिर पाय असेल तर गमबूट घाला, आणि ते काढल्यावर बेचक्या कोरड्या करा. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी गल्ल्यांत आलं तेव्हा सामान हलवताना अनेकांचे पाय पत्र्याने, काचेने कापले. पुराच्या पाण्यात उतरायचं काम शुगरवाल्यानं घेऊ नये. जावंच लागलं तर बूट, आणि नंतर धुणं, पुसणं, बघणं त्याच दिवशी. पावसाळ्यात चिखल्यांची पावडर किंवा मलम घरात असू द्या, कारण बेचकीतली छोटी चीर म्हणजे जंतूंना उघडं दार.

भजनाला, पंगतीला तासन् तास मांडी घालून बसू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते आणि पाऊल लुळं पडू शकतं. खुर्ची मागायला संकोच कसला?

चालणं आणि ताट, थोडक्यात

पाय शाबूत असतील, जखम नसेल तर चाला. रंकाळ्याची फेरी किंवा शिवाजी विद्यापीठाचा परिसर, दोन्हीकडं सावली आहे. रात्रीच्या जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटंही शुगरला आवरतात. तळव्याला जखम असेल तेव्हा चालणं बंद. खुर्चीवर बसून हातापायांचे व्यायाम करा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी शुगर एकदम खाली गेली तर म्हणून खिशात साखर ठेवावी.

ताटाबद्दल सगळं माहीत असतं, फक्त गुळाचा गैरसमज उरतो. कोल्हापूरचा गूळ कितीही नामी असला तरी रक्तात गेल्यावर तो साखरच. उसाच्या रसाचंही तेच. तांबडा-पांढरा रस्सा वाटीभर घ्या, त्याच्याखालचा भाताचा डोंगर कमी करा. मिसळीसोबतचे पाव मोजून घ्या. बिडी-सिगारेट सोडाच, कारण पायाच्या रक्तवाहिन्या आवळल्या की नसांना आणि जखमांना दोघांनाही रक्त पोचत नाही.

थांबायचं नाही अशा वेळा

पाय अचानक गरम, लाल आणि सुजलेला, पण फारसा दुखत नाही: याला कुणी मुका मार म्हणतं, कुणी शीर भरल्याचं सांगतं. ती चारकोट पायाची सुरुवात असू शकते, ज्यात हाडं आतल्या आत मोडत जातात. त्या पायावर भार टाकायचा नाही, त्याच दिवशी दाखवायचं. बोट काळं-निळं पडणं, जखमेला वास, लाली वर चढणं, सोबत ताप किंवा थंडी वाजणं, यात रात्रसुद्धा काढायची नाही. एका मांडीत अचानक तीव्र दुखणं, मांडी बारीक होणं, जिना चढता न येणं. एकाच पायाची ताकद जाणं. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. टाचेमागं काहीतरी तुटल्यासारखा आवाज येऊन चवड्यावर उभं राहता न येणं, या सगळ्यांना ताबडतोब डॉक्टर. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, थोडं खाल्लं की पोट फुगत असेल, तर आतल्या अवयवांच्या नसांनाही मार बसलेला असू शकतो. हे पुढच्या भेटीत नक्की सांगा. जुन्या शुगरमध्ये हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता येतो, नुसता घाम, दम आणि अस्वस्थपणा घेऊन.

खासगीत परवडत नसेल तर दसरा चौकाजवळचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आहे. रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात कितीतरी स्वस्त पडतात. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. जाताना रेशनकार्ड आणि आधार तर घ्याच, पण चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत टाकून न्या, आयुर्वेदिक चूर्णाची पुडीसुद्धा. आणि मोजे लवकर निघतील असेच घालून जा.